एकच शेल स्क्रिप्ट, पाच मशिनं आणि थकबाकीचं व्याज: हिशोब नक्की कशाने करावा?

मानपाड्याचा_खजिनदार

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या सर्वसाधारण सभेत मी बेसावध असताना मला खजिनदार केलं. आमची घोडबंदर रोडची साधी सोसायटी, मेंटेनन्स उशिरा भरणाऱ्याला वर्षाला २१ टक्के सरळव्याज, आणि ते दिवसांप्रमाणे काढायचं. म्हणजे थकबाकी गुणिले २१ गुणिले दिवस, भागिले ३६५००. आधीचे खजिनदार कॅल्क्युलेटर घेऊन बसायचे. मला वाटलं आपण आयटीतले (टेस्टिंगवाले का होईना), एक छोटी शेल स्क्रिप्ट (टर्मिनलमध्ये ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) लिहू, बाकी टाकायची, दिवस टाकायचे, व्याज बाहेर.

अडचण अशी की ती चालवायची सगळीकडे आहे. सोसायटीच्या ऑफिसात एक म्हातारा ३२ बिटी डेस्कटॉप आहे, त्यावर कोणाच्या तरी मुलाने कधीकाळी डेबियन लिनक्स टाकून ठेवलंय आणि त्याला नेट नाही. सेक्रेटरींचं मॅकबुक, त्यांच्या मुलीचा उबुंटूचा लॅपटॉप, माझं विंडोज ज्यावर गिट बॅश (विंडोजवर लिनक्ससारखा शेल) आहे, आणि मीटिंगमध्ये वाद झाला की हाताशी असतो तो फक्त फोन.

आता गंमत बघा. ४५०० रुपये बाकी, ९० दिवस उशीर. पेनाने केलं तर २३३ रुपये १ पैसा. माझ्या पहिल्या स्क्रिप्टने, ज्यात शेलचं स्वतःचं गणित होतं, उत्तर दिलं २३३.१. दुसरी बीसी (कमांड लाइनचा कॅल्क्युलेटर) वापरून लिहिली, ती म्हणते २३२.२०. आणि ती दुसरी माझ्या गिट बॅशवर चालतच नाही, म्हणते बीसी नावाची कमांडच नाही.

तर प्रश्न: एकच स्क्रिप्ट, जुन्या नव्या सगळ्या मशिनवर एकच उत्तर, हे जमतं का? आणि हिशोब कशाने करावा, एक्सपर (हिशोबाची जुनी कमांड), शेलचे दुहेरी कंस $(( )), बीसी की ऑक (मजकूर आणि आकडे हाताळणारी छोटी भाषा)?

(कोड इथे चिकटवला की डॉलरच्या पुढचं सगळं गायब होतंय, म्हणून शब्दांतच सांगा प्लीज.)

तिरकस_ठाणेकर

२३२.२० दाखवणारं मशीन थकबाकीदाराच्या घरचं असणार.

एक्सेलभक्त

एक्सेल काय वाईट आहे? एक सूत्र, खाली ओढा, संपलं.

मानपाड्याचा_खजिनदार

@एक्सेलभक्त, आधी एक्सेलच होतं हो. कोणीतरी सूत्राच्या घरात आकडा टाइप करून टाकला आणि एका फ्लॅटचं व्याज दोन वर्षं तेच छापून येत होतं, भरणाराही भरत होता बिचारा. शिवाय ऑफिसातल्या डेस्कटॉपवर ऑफिस उघडायचं म्हणजे तोवर मीटिंग संपते.

ऐरोलीची_टर्मिनलवाली

दोन्ही चुका सोप्या आहेत, पण फार लोक त्यात पडतात म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली चूक गणिताची नाहीच, छापण्याची आहे. तुम्ही पैशांत हिशोब केलात हे उत्तम केलंत, कारण शेलच्या गणितात फक्त पूर्णांक असतात, दशांश चिन्ह दिसलं की डॅश आणि बॅश हे दोन्ही शेल तक्रार करतात. ४५०००० पैसे गुणिले २१ गुणिले ९० भागिले ३६५०० म्हणजे २३३०१ पैसे, बरोबर आलं. मग तुम्ही शंभराने भागून २३३, मध्ये टिंब, आणि बाकी १. बाकी ०१ नाही, १! त्यामुळे २३३.१. प्रिंटएफमध्ये टक्के-शून्य-दोन-डी वापरा म्हणजे दोन आकडी छापेल. आणि हो, रक्कम उणे असेल, म्हणजे कोणी ५० पैसे जास्त भरले असतील, तर तिथे भागाकार ० येतो आणि बाकी -५०, छापून येतं ०.-५०. म्हणून उणे चिन्ह आधीच वेगळं काढून ठेवायचं.

दुसरी चूक बीसीची. तुम्ही स्केल २ (दशांशानंतर दोनच आकडे) ठेवून आधी भागाकार केलात ना? ४५०० गुणिले २१ भागिले ३६५०० हे २.५८९ वगैरे येतं, बीसी स्केलच्या पुढचं सरळ तोडून टाकतो, राउंड करत नाही. राहिलं २.५८. त्याला ९० ने गुणलं की २३२.२०. सगळे गुणाकार आधी आणि भागाकार एकदाच, सर्वात शेवटी केला की २३३.०१ येईल. बीसीत स्केल द्यायला विसरलात तर ते डिफॉल्ट शून्य असतं, मग १० भागिले ३ म्हणजे ३. आणि अर्धा रुपया आला तर तो .५० छापतो, पुढचं शून्य नाही. नोटीस बोर्डावर लावलंत तर लोक ५० वाचतील.

गिट बॅशबरोबर बीसी येत नाही हे खरंय. पॉसिक्सच्या (युनिक्स-छापाच्या सिस्टिमांचं मानक) यादीत बीसी आहे, पण बरीच छोटी इन्स्टॉलेशनं आणि कंटेनर इमेजेस ती गाळतात. ऑक मात्र जवळपास सगळीकडे सापडतो.

वाचनमात्र

०.-५० 😂 बुकमार्क.

जुनाजाणता_वाशी

तुम्ही सगळे नव्या जमान्यातले. आम्ही हे सगळं एक्सपरने केलंय.

तुर्भ्याच्या पट्ट्यात एका कारखान्यात मी होतो, नाव नको. एक ३८६ कॉम्प्युटर, त्यावर झेनिक्स नावाचं युनिक्स, आणि सिरियल वायरने जोडलेले टर्मिनल, सगळा स्टोअरचा हिशोब त्याच्यावर. १९७९ च्या सातव्या युनिक्सबरोबर जो बोर्न शेल आला त्याला स्वतःला बेरीजसुद्धा येत नव्हती. दोन आणि दोन चार करायला सुद्धा एक्सपर नावाचा वेगळा प्रोग्राम बोलवायचा, म्हणजे प्रत्येक बेरजेला नवी प्रोसेस. हजार ओळींचा लूप लावला की मी खाली जाऊन चहा पिऊन यायचो, आणि परत आलो की साहेब विचारायचे काय करताय, मी म्हणायचो बेरीज.

आणि तो गुणाकार! एक्सपर पाच चांदणी तीन लिहिलं की शेल त्या चांदणीच्या जागी चालू डिरेक्टरीतल्या सगळ्या फायलींची नावं भरायचा, आणि एक्सपर म्हणायचा सिंटॅक्स एरर. माझ्या हाताखालच्या पोराने एकदा रिकाम्या डिरेक्टरीत टेस्ट केलं, तिथे चाललं कारण विस्तार करायला काही सापडलंच नाही, आणि खऱ्या ठिकाणी लावलं की पडलं. दोन दिवस गेले. चांदणीच्या आधी उलटी तिरकी रेघ हवी, एवढंच.

माझं मत: सर्वात जुन्या मशिनवर चालायला हवं असेल तर एक्सपरच. सोलारिस नावाच्या युनिक्समध्ये १० व्या आवृत्तीपर्यंत बिन-एसएच (सिस्टमचा मूळ शेल) म्हणजे तो जुना बोर्नच होता, दुहेरी कंस त्याला कळायचेच नाहीत.

ऐरोलीची_टर्मिनलवाली

काका, पूर्ण आदर ठेवून सांगते, पण सोसायटीच्या ऑफिसात सोलारिस नाहीये. दुहेरी कंस १९९२ च्या पॉसिक्समध्ये आले, २००८ चा काय आणि १९९८ चा काय, कुठल्याही लिनक्सला ते येतात.

आणि एक्सपरचा आणखी एक छुपा काटा आहे. उत्तर शून्य आलं की तो एक्झिट स्टेटस १ देतो, म्हणजे 'फेल'. तुम्ही स्क्रिप्टच्या डोक्यावर सेट वजा-ई (काही फेल झालं की लगेच थांब) लावलं असेल तर ज्याची बाकी शून्य त्याच्यापाशी येऊन स्क्रिप्ट मरते.

तिरकस_ठाणेकर

म्हणजे प्रामाणिक मेंबर आला की स्क्रिप्टला धक्का बसतो. ठाण्याचीच स्क्रिप्ट आहे ही.

जुनाजाणता_वाशी

@टर्मिनलवाली, मान्य. तो काटा मला पण लागलाय, तेव्हा सेट वजा-ई लावायची पद्धत नव्हती म्हणून वाचलो.

पण बीसीला नावं ठेवू नका. मूळ बीसी १९७५ सालचं, आणि आतून ते डीसी नावाच्या आणखी जुन्या कॅल्क्युलेटरला कामाला लावायचं, डीसी तर सी भाषेच्याही आधीचं. उलट्या पोलिश पद्धतीत लिहायचं, आधी दोन आकडे मग चिन्ह. आकडा कितीही मोठा द्या, त्याला ३२ बिट ६४ बिट काही फरक पडत नाही. उणे पाच लिहायला मात्र अंडरस्कोर पाच लिहायचं, वजाचं चिन्ह त्याला वजाबाकी वाटते.

कळव्याचा_फोनवाला

थांबा थांबा. मी आत्ता ट्रेनमध्ये आहे, ठाणे स्टेशनच्या आधी नेहमीसारखी उभी आहे गाडी, म्हणून टर्मिनल ॲप उघडून खजिनदारांचं पैशांवालं गणित अँड्रॉइडच्या स्वतःच्या शेलमध्ये करून बघितलं. ४५०० रुपये ९० दिवस: २३३०१ पैसे, बरोबर. मग गंमत म्हणून पूर्ण वर्ष, ३६५ दिवस टाकले. ९४५ रुपये यायला हवे ना? आलं वजा २३१७० पैसे. म्हणजे सोसायटीनेच त्या माणसाला २३१ रुपये ७० पैसे द्यायचे!

काय भानगड?

तिरकस_ठाणेकर

हा फोन कुठे मिळतो? माझी वर्षभराची बाकी आहे.

ऐरोलीची_टर्मिनलवाली

अरे वा, हे छान सापडलं. अँड्रॉइडचा सिस्टम शेल म्हणजे एमकेएसएच, आणि त्याचं गणित जाणूनबुजून ३२ बिटी आहे, फोन ६४ बिटी असला तरी. मोठ्यात मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. आपलं मधलं उत्तर ४५०००० गुणिले २१ गुणिले ३६५ म्हणजे ३,४४,९२,५०,००० होतं, ते मावत नाही, मग ते गोल फिरून उणे बाजूला जातं. भागाकार करेपर्यंत खेळ संपलेला असतो.

हिशोब करून बघितला, ४५०० रुपयांना २२७ व्या दिवसापर्यंत बरोबर येतं आणि २२८ व्या दिवशी उत्तर उणे होतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही.

बॅश आणि आजचा डॅश ६४ बिटांत करतात, त्यामुळे तुमच्या ३२ बिटी डेस्कटॉपवर हा त्रास नाही, तो फोनवर आहे. उलटं वाटतं, पण तसंच आहे.

नेरूळची_ताळेबंद

म्हणजे २.१४ कोटी रुपयांच्या वर पैशांत लिहिताच येत नाही? घोडबंदरला चांगल्या टॉवरमधल्या थ्री बीएचकेची किंमत टाकली तर फोन म्हणेल बिल्डरच तुम्हाला देणं लागतो.

कळव्याचा_फोनवाला

अडीच कोटी टाकले. वजा १,७९,४९,६७२ रुपये ९६ पैसे. फ्लॅट घेतोय मी, आणखी पावणेदोन कोटी वर मिळतायत.

एक्सेलभक्त

एक्सेलमध्ये असं होत नाही, एवढंच म्हणतो आणि बसतो.

मानपाड्याचा_खजिनदार

मी हादरलोय. फोनवर टेस्ट करताना मी जास्तीत जास्त ९० दिवसच टाकले होते. टेस्टिंगवाला म्हणवतो मी स्वतःला.

पायथनबद्दल काय मत? फोनवर टर्मक्स (लिनक्सचं टर्मिनल ॲप) टाकून चालेल.

ऐरोलीची_टर्मिनलवाली

डेस्कटॉपवर पायथन २ असेल, त्यात ७ भागिले २ म्हणजे ३. मॅकमध्ये पायथन २ होतं तेही ॲपलने १२.३ मध्ये, २०२२ साली काढलं. विंडोजवर वेगळं टाकावं लागेल. मग पाच ठिकाणी इन्स्टॉल करत फिरणार, की स्क्रिप्ट पेन ड्राइव्हवर घेऊन फिरणार?

सानपाडा_फास्ट

विषय सोडून: ट्रान्सहार्बरला सकाळी ठाण्याहून बसायला जागा मिळते का हल्ली? सोमवारपासून महापेला जॉइन होतोय.

तिरकस_ठाणेकर

बसायला? तुम्ही पण ३२ बिटी आकडे घेऊन फिरताय का? उभं राहायला मिळालं तरी ओव्हरफ्लो झाला नाही म्हणायचं.

नेरूळची_ताळेबंद

@सानपाडा_फास्ट, ठाण्यालाच गाडी सुरू होते, दोन गाड्या सोडायची तयारी असेल तर मिळते. महापेला घणसोली किंवा कोपरखैरणेला उतरून पुढे रिक्षा. आता मूळ विषयावर.

मी हिशोब तपासणाऱ्यांपैकी, शेल मला फारसा कळत नाही, पण एक विचारते. बिलावर शेवटी पूर्ण रुपयेच येतात ना? मग एवढ्या पैशापैशाची मारामारी कशाला? शेवटी एकदा जवळच्या रुपयाला आणा आणि सोडा.

ऐरोलीची_टर्मिनलवाली

@ताळेबंद, 'शेवटी एकदा' हे अगदी बरोबर, पण मधली चूक रुपयात पण दिसते. २३३.०१ चे २३३ होतात आणि २३२.२० चे २३२. एका फ्लॅटला एक रुपया. आणि एक रुपयासाठी सभेत किती वेळ जातो हे तुम्हाला मी सांगायला नको.

नेरूळची_ताळेबंद

एका सोसायटीत अर्धा तास गेलेला बघितलाय. माझे शब्द मागे.

जुनाजाणता_वाशी

खजिनदार, दिवस कसे मोजताय? हाताने टाकता की तारखेवरून काढता?

मानपाड्याचा_खजिनदार

काका, तेच पुढचं दुखणं. डेट कमांडला उबुंटूवर वजा-डी देऊन काढत होतो, मॅकवर वजा-डीचा तो अर्थच नाही. शिवाय जुलैत लिहिलेली स्क्रिप्ट ऑगस्टच्या एक तारखेला बंद पडली. 'व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस' असं काहीतरी. मी काहीही बदललं नव्हतं, आईशपथ.

ऐरोलीची_टर्मिनलवाली

हाहाहा, ऑगस्टचा रोग! आमच्या टीममध्ये दर वर्षी एकाला तरी होतो.

आकड्याच्या पुढे शून्य असलं की शेलला तो अष्टमान वाटतो. ०७ पर्यंत चालतं कारण अष्टमानात ७ आहे. ०८ आणि ०९ नाहीतच. म्हणून ऑगस्ट आणि सप्टेंबर पडतात आणि ऑक्टोबरला सगळं आपोआप बरं होतं, लोक म्हणतात सर्व्हर सुधारला. तारखेत तर दर महिन्याच्या ८ आणि ९ ला होतं. त्याहून वाईट ०१०, तो गपचूप आठ होतो, बोंब पण मारत नाही.

बॅशमध्ये आकड्याआधी दहा आणि हॅश लिहिलं की दशमान धरतो, पण डॅशला ते येत नाही, आणि उबुंटूचा बिन-एसएच २००६ पासून डॅश आहे. म्हणून ते वापरू नका.

जुनाजाणता_वाशी

आमची युक्ती घ्या. महिना दोन आकडी येतोच, त्याच्या पुढे १ चिकटवा आणि १०० वजा करा. ०८ चे १०८, वजा १००, आठ. सगळ्या शेलांत चालतं. एक्सपरला मात्र याची गरजच नाही, त्याला ०८ म्हणजे आठच. जुनं ते सोनं म्हणत नाही मी, पण बघा.

आणि दिवसांसाठी डेट कमांडच्या नादी लागू नका. वर्ष मार्चपासून सुरू होतं असं समजायचं, म्हणजे फेब्रुवारीचा शेपटाचा दिवस वर्षाच्या शेवटी जातो. जानेवारी फेब्रुवारी असेल तर महिन्यात १२ मिळवा आणि वर्षातून १ काढा. मग ३६५ गुणिले वर्ष, अधिक वर्ष भागिले ४, वजा वर्ष भागिले १००, अधिक वर्ष भागिले ४००, अधिक (१५३ गुणिले महिना वजा ४५७) भागिले ५, अधिक तारीख. प्रत्येक भागाकार पूर्णांकात. दोन्ही तारखांचा हा आकडा काढून वजाबाकी करा, मधले दिवस मिळाले. लीप वर्षं त्यातच आली. आकडे लहान आहेत, फोनवर पण मावतात.

वाचनमात्र

१५३ कुठून आले?

जुनाजाणता_वाशी

मार्चपासून मोजलं तर दर पाच महिन्यांचे दिवस ३१, ३०, ३१, ३०, ३१, बेरीज १५३. परत ऑगस्टपासून तोच क्रम. बोटांच्या उंचवट्यांवर महिने मोजतो ना आपण, तेच.

नेरूळची_ताळेबंद

हे भारी आहे. वीस वर्षं बोटांवर मोजतेय, हे कधी सुचलं नाही.

कळव्याचा_फोनवाला

मी पण एक खोड सांगतो. सेक्रेटरी लोक रक्कम स्वल्पविराम देऊन टाकतात. ४,५०० असं टाका आणि बघा.

मानपाड्याचा_खजिनदार

टाकलं. गिट बॅशवर बाकी ५०० रुपये समजतो. उबुंटूवर एरर. ऑकला दिलं तर ४ रुपये. तीन मशिनं, तीन नमुने!

ऐरोलीची_टर्मिनलवाली

बॅशमध्ये स्वल्पविराम म्हणजे 'डावीकडचं कर, मग उजवीकडचं उत्तर घे', म्हणून ५००. डॅशला तो ऑपरेटर येत नाही, तो प्रामाणिकपणे पडतो. ऑक आकडा वाचतो जिथपर्यंत आकडा दिसतो तिथपर्यंत, स्वल्पविराम आला की थांबतो, म्हणून ४.

गणिताला हात लावायच्या आधी इनपुट धुवायचं. स्वल्पविराम आणि स्पेस काढून टाका, मग केस (शेलची नमुना तपासणी) लावून बघा की आकडे आणि एक टिंब सोडून काही उरलंय का, उरलं असेल तर नम्रपणे परत विचारा. इनपुट वाचणाऱ्या रीडचं वजा-पी वापरू नका, ते पॉसिक्समध्ये नाही, आधी प्रिंटएफ करून मग साधा रीड. एकोचं वजा-एन पण नको.

मानपाड्याचा_खजिनदार

आणि आमच्या अध्यक्ष मॅडम मराठी कीबोर्डवरून मराठी आकडे टाकतात त्याचं काय? टीआरने (अक्षरं बदलणारी कमांड) इंग्रजी करायला गेलो तर कचरा आला.

ऐरोलीची_टर्मिनलवाली

जीएनयूचा टीआर एक एक बाइट बघतो, आणि आपला प्रत्येक मराठी आकडा यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचा. मॅकवर तो नीट करेल, लिनक्सवर नाही. सेड (मजकूर बदलणारी कमांड) चं वाय पण लोकेल (भाषेची सेटिंग) बरोबर असेल तरच. सरळ सेडची दहा एस (हे काढ, ते टाक) वाक्यं लिहा, शून्यापासून नवापर्यंत एकेक. दिसायला गावठी आहे पण कुठेही चालतं.

तिरकस_ठाणेकर

मराठी आकड्याला तीन बाइट आणि इंग्रजीला एक. वजनदार भाषा आहे आमची.

सानपाडा_फास्ट

धन्यवाद ताळेबंद ताई, सोमवारी दुसरी गाडी सोडल्यावर बसायला मिळालं. हा धागा वाचत गेलो, घणसोली गेलं, कोपरखैरणेला उतरलो.

ऐरोलीची_टर्मिनलवाली

खजिनदारांच्या मूळ प्रश्नावर येते, कारण आपण बरंच फिरून आलो.

माझं उत्तर: ऑक, पण पैशांत आणि पूर्णांकात. ऑकचे आकडे डबल (६४ बिटी दशांशवाले) प्रकारचे असतात, त्यात पूर्णांक ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंत अचूक राहतात. पैशांत धरलं तरी सोसायटीच्या कितीतरी पुढे. म्हणजे फोनवरचा ३२ बिटांचा प्रश्न पण मिटला, फोनवर ऑक असला म्हणजे झालं. रुपयांत दशांश ठेवून मात्र करू नका. ४.३५ गुणिले १०० करून इंट (दशांश तोडून पूर्णांक) घेतलात तर ४३४ येतं, कारण ४.३५ द्विमानात नेमकं मावत नाही. रुपयांचे पैसे करताना ०.५ मिळवून मग इंट.

व्याजाला: पैसे गुणिले २१ गुणिले दिवस, अधिक १८२५०, सगळ्याला भागिले ३६५००, इंट. तो १८२५० म्हणजे ३६५०० चा अर्धा, त्याने तोडण्याऐवजी राउंड होतं.

छापताना दोन गोष्टी. नुसतं प्रिंट नको, अपूर्णांक असेल तर ऑक सहाच आकडे ठेवतो, १२३४५६७.८९ चं १.२३४५७ई+०६ करून टाकतो. आणि जुन्या डेबियनवर ऑक म्हणजे मॉक नावाचा ऑकचाच प्रकार, त्याची जुनी आवृत्ती टक्के-डी मध्ये २१४७४८३६४७ च्या वर जात नाही, म्हणून टक्के-टिंब-शून्य-एफ वापरा. वर एलसी-ऑल बरोबर सी लिहून ठेवा, नाहीतर कुठल्या तरी लोकेलमध्ये दशांश टिंबाचा स्वल्पविराम होतो.

जुनाजाणता_वाशी

ऑक १९७७ चा आहे, म्हणजे माझ्याच बाजूचा. हरकत नाही.

मानपाड्याचा_खजिनदार

मंडळी, काल रविवार सत्कारणी लावला. सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं: सेडची दहा वाक्यं, स्वल्पविराम धुणं, काकांचा मार्चवाला हिशोब, ऑकमध्ये पैसे. ६० ओळी झाल्या, त्यातल्या निम्म्या इनपुट तपासायच्या.

डेस्कटॉप: २३३.०१. मॅक: २३३.०१. उबुंटू: २३३.०१. फोन: २३३.०१, आणि ३६५ दिवसांना ९४५.००. फोनवर फाइल डाउनलोडमधून थेट चालत नव्हती, आधी एसएच लिहून मग फाइलचं नाव दिलं तर चालली. गिट बॅशवर पण बरोबर.

मग सेक्रेटरींनी जुन्या ऑफिसच्या लॅपटॉपवर विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडून वर सोसायटीचं नाव लिहिलं, सेव्ह केलं, आणि मेल केली. आता डेस्कटॉपवर पहिल्या ओळीपासून शिव्या.

ऐरोलीची_टर्मिनलवाली

ओळींच्या शेवटी कॅरेज रिटर्न (विंडोजची ओळ संपल्याची जादा खूण) घुसले. टीआर वजा-डी ने काढून टाका, इथे टीआर चालेल, एक बाइटचाच आहे. आणि सेक्रेटरींना सांगा नाव तुम्ही टाकाल.

मानपाड्याचा_खजिनदार

काढले. चाललं. नाव मी टाकलं.

आता ताळेबंद ताईंना एक शेवटचं. आमच्या हिशोब तपासनीसांनी कागद बघितला आणि म्हणाले सगळं ठीक, पण लीप वर्षात भागिले ३६५०० की ३६६००?

नेरूळची_ताळेबंद

तुमच्या सभेच्या ठरावात काय लिहिलंय? 'वार्षिक २१ टक्के' एवढंच?

मानपाड्याचा_खजिनदार

एवढंच.

नेरूळची_ताळेबंद

मग पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर घ्या, आणि अर्धा तास जास्तीचा धरा.

तिरकस_ठाणेकर

सभा २२८ व्या दिवशी ठेवा आणि हिशोब जुन्या स्क्रिप्टने फोनवर करा. कोरम आपोआप भरेल.